अर्ध्या तासाची जाहिरात आणि घरोघरचे मतदार: ओबामांच्या 29 ऑक्टोबर 2008 च्या प्रसारणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2008 साली मी फिलाडेल्फियाच्या एका उपनगरात राहत होते. ग्रीन कार्डाच्या रांगेत होते, त्यामुळे मत नव्हतं. पण पेनसिल्व्हेनियासारख्या चुरशीच्या राज्यात राहायचं आणि निवडणुकीपासून लांब राहायचं हे जमण्यासारखं नव्हतं. दारावर प्रचाराला येणारी मुलं, दिवसाला चार-पाच फोन, टीव्ही लावला की जाहिराती. त्यातच राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार बराक ओबामा यांनी टीव्हीवरचा अख्खा अर्धा तास विकत घेतला. तो अर्धा तास निरनिराळ्या मतदारांनी कसा पाहिला, हे मला जवळून बघायला मिळालं. इतक्या वर्षांनीही विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

ही जाहिरात नेमकी कधी आणि कुठे दाखवली?

29 ऑक्टोबर 2008, बुधवार, पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे 8. मतदानाला सहा दिवस उरले होते. सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स या तीन मोठ्या वाहिन्या, शिवाय एमएसएनबीसी, स्पॅनिश भाषेतली युनिव्हिजन, आणि बीईटी व टीव्ही वन या कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या वाहिन्या, अशा सात ठिकाणी ती दाखवली गेली. एबीसीवर त्या वेळी नेहमीची मालिका चालू होती आणि सीएनएनने वेळ विकायला नकार दिला होता. नाव होतं ‘अमेरिकन स्टोरीज, अमेरिकन सोल्यूशन्स’. दिग्दर्शन डेव्हिस गुगेनहाइम यांचं. माहितीपटासाठी ऑस्कर मिळवलेला हा माणूस. त्यांचे वडील चार्ल्स गुगेनहाइम यांनीही राजकीय माहितीपट केले होते.

टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीनुसार 3 कोटी 36 लाख लोकांनी ती पाहिली. त्याच महिन्यातला ओबामा आणि त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मकेन यांचा शेवटचा वादविवाद साडेपाच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला होता. त्या मानाने आकडा लहान, पण पैसे देऊन दाखवलेल्या प्रचारासाठी फारच मोठा.

भारतात तेव्हा 30 तारखेची पहाट होती, साडेपाचची. भाऊबीज.

तीस मिनिटं एवढं होतं तरी काय तिच्यात?

सुरुवात वाऱ्यावर डोलणाऱ्या गव्हाच्या शेताने. मग एखाद्या ऑफिसात उभे राहून बोलणारे ओबामा. मागे झेंडा आणि लाकडी टेबल, सगळं राष्ट्राध्यक्षांच्या दालनासारखं. मग एकेक घर. मिझुरीतलं एक कुटुंब, ओहायोतलं एक म्हातारं जोडपं, न्यू मेक्सिकोतली दोन-दोन कामं करणारी शिक्षिका, केंटकीतला फोर्डच्या कारखान्यातला कामगार. त्याला काम एक आठवडा सोडून मिळत होतं. ओहायोचे आजोबा 72 वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. बायकोच्या औषधांपायी घरावर कर्ज काढून पुन्हा दुकानात नोकरी करत होते. मधे मधे ओबामा कर, आरोग्य विमा, इंधन यांवरच्या आपल्या योजना सांगत होते. काही राज्यांचे गव्हर्नर, सिनेटर आणि गूगलचे तेव्हाचे प्रमुख एरिक श्मिट त्यांच्या बाजूने बोलले. ओबामांनी आपल्या आईबद्दल सांगितलं. वयाची 53 वर्षं पूर्ण होण्याआधीच ती कर्करोगाने गेली. शेवटची काही मिनिटं फ्लोरिडातल्या सनराइजच्या सभेतून थेट प्रक्षेपण होतं.

जॉन मकेन यांचं नाव त्यात एकदाही आलं नाही.

पण लोकांच्या लक्षात राहिला तो फ्रिज. मिझुरीतल्या त्या आईने दार उघडून मुलांच्या खाऊचा कप्पा दाखवला. प्रत्येकाचा आठवड्याचा खाऊ वेगळा ठेवलेला. लवकर संपवला तर पुढचा आठवडा येईपर्यंत मिळायचा नाही. तिचा नवरा टायरच्या कारखान्यात दिवसभर उभा राहून काम करणारा, आणि गुडघ्याचं ऑपरेशन लांबणीवर टाकलेलं. अर्ध्या तासात आकडे पुष्कळ आले, पण दुसऱ्या दिवशी मला जो भेटला तो फ्रिजबद्दलच बोलत होता.

मग लोकांना आवडली की नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं एक उत्तर नाही. मी ती शेजारच्या आजींकडे पाहिली. निवृत्त नर्स, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एप्रिलमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी हिलरी क्लिंटन यांना मत दिलं होतं, आणि ओबामांबद्दल त्यांचं मन अजून तयार नव्हतं. “बोलतो छान, पण करणार काय?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशीच झालं होतं, म्हणून मी चकल्या आणि करंज्या घेऊन गेले होते. फ्रिजचा प्रसंग आला आणि आजींचा हात ताटलीवरच थांबला. त्यांच्या नवऱ्याचा पोलादाचा कारखाना बंद पडला त्या वर्षी त्यांनीही असंच केलं होतं, डब्यांवर मुलांची नावं चिकटवून. हे त्यांनी मला तोपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. जाहिरात संपल्यावर ओबामांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. ती बाई खोटं बोलत नव्हती, एवढंच म्हणाल्या.

त्यांचा मुलगा त्याच खोलीत होता आणि तो चिडलेला होता. छपरं घालायचा त्याचा छोटा धंदा. त्याचं म्हणणं असं, की हे लोक खरे आहेत, त्यांचं दुःखही खरं आहे, मग त्यामागे व्हायोलिन कशाला वाजवता? आपल्या भावनांवर कोणीतरी हात फिरवतंय हे जाणवलं की माणूस आखडतो, तसा तो आखडला. मला हे बोलणं तेव्हा कठोर वाटलं. आता वाटतं की तो प्रेक्षक म्हणून फार सावध होता, आणि असा सावधपणा असायला हवा.

ऑफिसातला माझा एक सहकारी पक्का रिपब्लिकन, पूर्वी सैन्यात असलेला. त्याने दुसऱ्या दिवशी कॉफीच्या मशीनपाशी गाठलं. चित्रीकरण उत्तम होतं, हे त्याने आधीच कबूल केलं. मग विचारलं, एवढ्या सगळ्याला पैसा कुठून आणणार? प्रश्न रास्त होता. सरकारची त्या आर्थिक वर्षातली तूट 45,500 कोटी डॉलरच्या घरात गेली होती, आणि बँका वाचवायला 70,000 कोटी डॉलरची तरतूद नुकतीच झाली होती. योजनांचा खर्च आणि तिजोरीची अवस्था यांबद्दल ओबामा मोकळेपणाने बोलले नाहीत, असं तथ्य तपासणाऱ्या पत्रकारांनीही दुसऱ्याच दिवशी लिहिलं.

आणि ट्रेनमध्ये रोज माझ्या शेजारी बसणारी एक कृष्णवर्णीय बाई. हॉस्पिटलात बिलिंगचं काम करायची. तिला ना फ्रिज आठवत होता, ना करांचे आकडे. शेवटच्या आजारपणात ओबामांच्या आईला विमा कंपनीशी भांडावं लागलं होतं, ही गोष्ट ते प्रचारात नेहमी सांगत. तीच तिने धरून ठेवली होती, कारण तिच्या टेबलावर रोज असेच कागद येत. “त्याला तो फॉर्म माहीत आहे,” ती म्हणाली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची इतकी नेमकी पावती मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

तुम्हाला स्वतःला काय वाटलं?

मी लालबागच्या चाळीत वाढले. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते आणि बाबा त्या संपात होते. आई ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणायची, तिघा भावंडांत मोजून वाटायची आणि उरलेली फळीवर वरती ठेवायची. आम्ही रात्री ती मोजायचो. त्यामुळे तो फ्रिज पाहताना मी तटस्थ नव्हते. मला ती जाहिरात भिडली, आणि तिच्यातल्या योजनांचा खर्च पटला नाही. दोन्ही एकाच वेळी.

जाहिरातीसाठी बेसबॉलचा अंतिम सामना खरंच पुढे ढकलला होता का?

फिलाडेल्फियात याहून मोठा प्रश्न त्या आठवड्यात नव्हता. गोष्ट अशी. वर्ल्ड सिरीज या बेसबॉलच्या अंतिम मालिकेत आमची फिलीज टीम टँपा बे रेजविरुद्ध 3-1 ने पुढे होती. पाचवा सामना सोमवारी, 27 तारखेला सुरू झाला आणि 2-2 अशा बरोबरीत पावसाने थांबला. मंगळवारीही पाऊस. (त्याच पावसात ओबामांनी जवळच्या चेस्टरमध्ये सभा घेतली, आमच्या ऑफिसातले दोघं चिखलाच्या बुटांनी परतले.) उरलेला खेळ बुधवारी रात्री आला, फॉक्स वाहिनीवरच, ओबामांच्या अर्ध्या तासानंतर लगेच.

फॉक्सने त्या आधीच, मालिका सहाव्या सामन्यापर्यंत गेली तर सुरुवात साधारण पंधरा मिनिटं पुढे न्यावी, अशी विनंती बेसबॉलच्या मंडळींना केली होती आणि ती मान्य झाली होती. म्हणजे वेळेत थोडा बदल जाहिरातीमुळे, पण दोन दिवसांचा खोळंबा पावसामुळे. मकेन यांनी मात्र सभेत सांगितलं, की मी राष्ट्राध्यक्ष असताना जाहिरातीपायी वर्ल्ड सिरीजचा सामना लांबणार नाही. त्यावर टाळ्या पडल्या. आजींचा मुलगाही तेच धरून बसला होता. अर्धा तास त्याचा एक डोळा घड्याळावर. खेळ साडेआठनंतर सुरू झाला, फिलीजने 4-3 ने जिंकला, आणि 1980 नंतर पहिल्यांदा किताब घरी आला. त्या रात्री आमच्या गल्लीत लोक भांडी वाजवत बाहेर पडले. ओबामांबद्दल कोणी काही बोललं असेल तर त्या गोंगाटात ऐकू आलं नाही.

एवढा पैसा आला कुठून? त्याबद्दल मतदारांना राग नव्हता?

होता, आणि फक्त विरोधकांना नव्हता. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला तिकडे सरकारी निधी घेता येत असे, पण घेतला की खर्चाला मर्यादा. मकेन यांनी तो घेतला, म्हणजे मुख्य निवडणुकीसाठी 8 कोटी 40 लाख डॉलर. ओबामांनी आधी निधी घेण्याची तयारी दाखवली होती आणि जूनमध्ये नकार दिला. त्यामुळे त्यांना मर्यादा राहिली नाही, आणि एकट्या सप्टेंबरात त्यांनी 15 कोटी डॉलर जमवले. मोठ्या वाहिनीवरच्या अर्ध्या तासाची किंमत साधारण 10 लाख डॉलर होती असं तेव्हा छापून आलं होतं.

यात मला ओबामांची बाजू पुरती घेता येत नाही. देणगीदारांत पाच-दहा डॉलर देणारे लाखो होते हे खरं. पण शब्द फिरवला हेही खरं, आणि त्यानंतर सरकारी निधीची ती सगळी पद्धतच मोडकळीला आली. खाऊ मोजून ठेवणाऱ्या घराची गोष्ट सांगायला एवढे डॉलर, असं आजींचा मुलगा म्हणाला होता. ते वाक्य मला टोचलं, अजून टोचतं.

ते “दोन लाख की अडीच लाख” प्रकरण काय होतं?

ओबामांची योजना प्रचारभर अशी सांगितली जाई: वर्षाला अडीच लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्या कुटुंबाचा कर वाढणार नाही. जाहिरातीत ते म्हणाले की दोन लाखांच्या आतल्या कुटुंबांना करकपात मिळेल. दोन्ही विधानं एकत्र बसतात. दोन लाखांच्या आत कपात, दोन ते अडीच लाखांत जैसे थे, त्यावर वाढ. पण ऐकणाऱ्याला वाटलं आकडा खाली आला. मकेन यांच्या लोकांनी ते लगेच उचललं: आज दोन लाख, उद्या किती?

मराठी मंडळातले एक काका, तीस वर्षांपूर्वी आलेले, स्वतःची इंजिनियरिंग फर्म. काका-काकूंची मिळकत त्या दोन आकड्यांच्या नेमकी मधे होती. दिवाळीच्या कार्यक्रमात पंगतीला बसलेले असताना त्यांनी कागदी ताटलीच्या कडेवर पेनाने हिशेब मांडला, श्रीखंडाच्या बाजूला. काकू म्हणाल्या, “अहो, जेवा आधी.” काकांनी आयुष्यभर डेमोक्रॅट उमेदवाराला मत दिलेलं, आणि त्या संध्याकाळी ते खरोखर अस्वस्थ होते. शेवटी कोणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तिकडच्या मराठी मतदारांचा कल एकच होता का?

नाही. आमच्या मंडळात डॉक्टर मंडळींना आरोग्य विम्यातल्या बदलांची धास्ती होती, आयटीतली पोरं नोकरकपातीच्या भीतीत होती, आणि दुसऱ्या पिढीची कॉलेजातली मुलं ओबामांसाठी घरोघर फिरत होती. आईबापांशी त्यांची भांडणं मी ऐकली आहेत. मुलं इंग्रजीत, आईबाप मराठीत.

वाहिन्यांना अशी जाहिरात नाकारता येते का?

तिकडच्या कायद्याप्रमाणे हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या केंद्रांना (सीएनएनसारख्या केबल वाहिन्यांना नव्हे) राष्ट्रीय पदांच्या उमेदवारांना वाजवी प्रमाणात वेळ द्यावी लागते. एकाला वेळ विकली तर दुसऱ्यालाही तशीच संधी द्यावी लागते. उमेदवाराच्या मजकुरात काटछाट करता येत नाही. मतदानाआधीच्या 60 दिवसांत दरही सर्वांत कमी लावावा लागतो. म्हणजे मकेन यांनाही अर्धा तास घेता आला असता, खिशात तेवढे पैसे असते तर.

असं आधी कोणी केलं होतं?

केलं होतं. 1992 साली टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो यांनी स्वतःच्या पैशाने अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा घेतल्या. पहिली 6 ऑक्टोबरला. टेबलाशी बसलेले पेरो, हातात छडी, आणि तुटीचे व कर्जाचे तक्ते एकामागून एक. ना संगीत, ना कुटुंबं. तरी सुमारे 1 कोटी 65 लाख लोकांनी ती पाहिली आणि पेरो यांना जवळपास 19 टक्के मतं मिळाली, पण राज्य एकही नाही. आजींचा मुलगा पेरोंचा मतदार होता, हे मला त्याच रात्री कळलं. “त्याने आकडे दाखवले होते,” तो म्हणाला. त्याचा सगळा राग मला या एका वाक्यात समजला.

त्याही आधी 1952 साली उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या रिचर्ड निक्सन यांनी पक्षाने घेतलेल्या अर्ध्या तासात आपल्या खर्चाचा खुलासा केला, आणि भेट मिळालेला कुत्रा परत करणार नाही असं सांगितलं. 1964 साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्यासाठी केलेल्या भाषणातून रोनाल्ड रेगन राजकारणात पुढे आले.

मकेन यांनी उत्तर कसं दिलं?

त्याच रात्री ते सीएनएनवर लॅरी किंग यांच्याकडे मुलाखतीला होते. शनिवारी, 1 नोव्हेंबरला, ते ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात आले. प्रसंग असा, की ओबामांना तीन मोठ्या वाहिन्या परवडल्या आणि आपल्याला घरबसल्या खरेदीची क्यूव्हीसीच परवडली. शेजारी पत्नी सिंडी दागिने दाखवत होत्या. आजी खूप हसल्या. मकेन यांच्याबद्दल त्या प्रचारात पहिल्यांदाच त्यांनी चांगले शब्द काढले.

शेवटी जाहिरातीमुळे मतं फिरली का?

मला तसं म्हणता येत नाही. ओबामा आधीच पुढे होते. लेहमन ब्रदर्स ही बडी बँक 15 सप्टेंबरला बुडाल्यापासून वारं त्यांच्या बाजूला होतं. फ्लोरिडासारख्या राज्यांत लोक आधीच मतदान करून मोकळे होत होते. 4 नोव्हेंबरला ओबामांना राज्यवार मोजली जाणारी 365 प्रतिनिधी मतं मिळाली, मकेन यांना 173. जाहिरातीत जी चार घरं दिसली त्यांची राज्यं पाहा: ओहायो आणि न्यू मेक्सिको ओबामांनी जिंकली, केंटकी मोठ्या फरकाने हरले, आणि फ्रिजवाल्या आईचं मिझुरी त्यांच्या हातून चार हजारांपेक्षाही कमी मतांनी निसटलं.

मी पाहिलं ते एवढंच. ज्यांचं ठरलं होतं त्यांचं अधिक पक्कं झालं. ज्यांचं ठरलं नव्हतं ते गप्प झाले. त्या गप्प माणसांना दुसऱ्या दिवशी “आवडली का?” विचारून काही हाती लागत नाही.

आपल्याकडे असं चालेल का?

2004 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी तपासून प्रमाणित करून घ्यावी लागते, आणि मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत टीव्हीवर प्रचार दाखवता येत नाही. सलग अर्धा तास एकाच माणसाचा, तोही एकाच वेळी सात वाहिन्यांवर पैसे भरून, असा प्रकार आपल्याकडे रूढ नाही.

त्या शेजारच्या आजींनी कोणाला मत दिलं?

हे मला प्रत्येक वेळी विचारतात. पेनसिल्व्हेनियात तेव्हा आधी मतदानाची सोय नव्हती, म्हणून 4 तारखेला सकाळी मीच त्यांना गाडीने शाळेतल्या केंद्रावर नेलं. रांग इमारतीला वळसा घालून गेली होती. दीड तास लागला. मी गाडीत थांबले. त्या परत आल्या, पट्टा लावला, कोटावर मतदानाचा स्टिकर नीट चिकटवला आणि म्हणाल्या, “वाटेत दुकानात थांब गं, नातवंडं येणार आहेत, खाऊ घ्यायचाय.”